बाईंची भिंत

महिनाअखेरीला विमानात बसणाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यांतल्या, किरणे लागली की काळ्या पडणाऱ्या फिल्म धुऊन यायच्या आणि दरवेळी त्या सारख्याच फिकट असायच्या. त्यामुळे सुरक्षा अधिकाऱ्यांनी तिला आपल्या खोलीत बोलावून, दिवा लावून एक फिल्म त्याच्यासमोर धरली, तेव्हा तिला आधी वाटले की यांनी चुकून भलतेच काहीतरी उचलले आहे. फिल्म पाटीसारखी काळी होती.

"कोणाची ही?" तिने विचारले.

"थांबा," ते म्हणाले. कुठल्याही वाक्याआधी ते 'थांबा' म्हणत, म्हणून सगळा तळ त्यांना पाठीमागे थांबासाहेब म्हणे. "आधी बसा."

ती बसली नाही. "कोणाची?"

"तुमच्या भावाची."

मग मात्र ती बसली.

या तळावर अणुभट्टी विमानात बसवण्याचे काम चालले होते. इंधन न भरता आठवडेच्या आठवडे आकाशात राहणारे विमान हवे होते. अजून भट्टी विमान ओढत नव्हती. ते काम साधी इंजिनेच करत. भट्टी नुसती शेपटाजवळच्या पोटात बसलेली असे. तिच्यापुढे माणसे जिवंत आणि धड राहू शकतात का, एवढेच आधी बघायचे होते. कॉरिडॉरमध्ये कोण्या उत्साही माणसाने रंगीत चित्रे टांगली होती: अणुभट्टीवरचा रणगाडा, अणुभट्टीवरची आगगाडी, एवढेच काय, चिखलातून तोफ ओढत नेणारा अणुभट्टीवरचा ट्रकसुद्धा. त्या चित्रांखालून जाताना तळाचे मोठे साहेब हमखास सुस्कारा सोडत. "पाणबुडीवाल्यांचं बरं आहे. त्यांना वजनाची फिकीर नाही. आपण मूठभर शिसं वाढवलं की विमान नाक मुरडतं."

विमानाचे हे नाक मुरडणे सांभाळून कवच आखायचे काम तिचे होते. भट्टीभोवती चारी बाजूंनी कवच घातले तर विमान धावपट्टीवरून हलणारही नाही. म्हणून कवच फक्त एका बाजूला, भट्टी आणि केबिन यांच्या मधोमध. बाकी सगळीकडे किरणे मोकाट, आणि पुढच्या बाजूला तेवढी पंख्यासारखी पसरत गेलेली सावली. विमान उभे राहायचे तिथे काँक्रीटवर या सावलीच्या दोन्ही कडा पांढऱ्या रंगाने आखल्या होत्या. भट्टी चालू असताना पांढऱ्या रेषांच्या आत राहायचे, हा तळाचा पहिला नियम. तो इतका अंगवळणी पडला होता की विमान हवेत असतानाही लोक रिकाम्या काँक्रीटवरून त्या रेषांच्या आतूनच चालत, आणि कोणी बाहेर पडला तर मागून आवाज येई, "अहो, सावलीत या, रंग काळवंडेल!"

केबिन म्हणजे शिसे आणि रबराची पेटी. तिची मागची भिंत सर्वांत जाड, कारण भट्टी मागे. बाजूच्या भिंती पातळ. आत दोन खुर्च्या: उजवीकडे कॅप्टन, डावीकडे मीटर वाचणारा तिचा धाकटा भाऊ. त्याच्या पायाला लहानपणापासून भिंगरी होती आणि तळावर त्याचे नावही भिंगरीच पडले होते. त्याला जगात एकाच खुर्चीत स्वस्थ बसता येई, आणि ती ही खुर्ची होती.

"कॅप्टनची फिल्म?"

"फिकट. नेहमीसारखी." थांबासाहेबांनी दिवा बंद केला. "एकाच पेटीत, हाताच्या अंतरावर बसलेली दोन माणसं. एक पांढरं, एक काळं. दोनच गोष्टी असू शकतात, बाई. एक, भट्टी चालू असताना तो रेषेबाहेर गेला. मग किरणं त्याच्या अंगाला लागली, आणि त्याचं उडणं संपलं. कायमचं. दोन, तो बिल्ला भट्टीच्या हँगरमध्ये विसरला. मग लागली ती फिल्मला, अंगाला नाही. महिनाभर शिक्षा, आणि परत आत."

"तिसरं काही?"

"तिसरं तुमच्या खात्यातलं. तुमचं कवच गळतंय."

"कवच गळत नाही," ती ताडकन म्हणाली. "केबिनमधला मीटर शांत आहे."

"म्हणून तर पहिल्या दोन म्हणालो."

बाहेर येताना तिला स्वतःचाच राग येत होता. तिने भावाची बाजू घेतली नव्हती, कवचाची घेतली होती. आणि खरे सांगायचे तर तिला भावाचा भरवसाही वाटत नव्हता. छपरावरून उडी मारू नकोस म्हटले की तो आधी उडी मारायचा आणि मग 'कुठल्या छपरावरून?' विचारायचा.

तो वर्कशॉपच्या दाराशी गवईबरोबर हसत उभा होता. गवई हा त्याच्या जागी बसायला तयार केलेला दुसरा मीटरवाला. गळा बेताचा, हौस दांडगी, सतत काहीतरी गुणगुणत असे, म्हणून गवई. तिचा चेहरा बघून तो गाणे अर्धे सोडून आत सटकला.

"ताई, तू माझ्याकडे असं बघतेस जसं काही मी भट्टीच पळवली आहे."

"रेषेबाहेर गेला होतास?"

"नाही."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

"तुझ्या डोळ्यांत बघितलं की न केलेलंही कबूल करावंसं वाटतं." तो एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. "नाही गेलो गं. त्या पेटीतली खुर्ची सुटू नये म्हणून मी चार वर्षं सरळ रेषेत चाललोय. मी! तुला पटतं का, मी सरळ रेषेत?"

पटत नव्हते. पण तो खोटे बोलला की त्याचा आवाज गोड व्हायचा, आणि आत्ता तो गोड नव्हता.

दिवसभर तिचे चित्त थाऱ्यावर नव्हते. तिने हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर मागच्या भिंतीचे सगळे आकडे पुन्हा फिरवले. प्रत्येक वेळी तेच उत्तर आले. शेजारच्या टेबलावरची सहकारी शेवटी म्हणाली, "अगं, त्या यंत्राला तरी श्वास घेऊ दे." ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, चहा ओतला आणि प्यायचा विसरली. मागून काही येत नव्हते. मागून काही येऊच शकत नव्हते. मग आले कुठून?

संध्याकाळी घरी आईच्या तोंडाचा पट्टा चालू होता. शेजाऱ्याने कुंपणाची भिंत उंच करून तिला पांढरा चुना फासला होता आणि दुपारभर त्या भिंतीवरचे ऊन आईच्या स्वयंपाकघरात येत होते.

"माझं स्वयंपाकघर उत्तरेचं. आजवर कधी ऊन पाहिलं नाही त्याने. आता दुपारी डोळे दिपतात, तूप पातळ होतं!"

"पडदा लाव ना," धाकटा म्हणाला.

"पडदा मी का लावू? भिंत त्याची, शोभा त्याची, आणि झळ खायची मी? त्याने भिंत बांधताना त्याच्या बाजूने बघितलं. माझ्या बाजूने कोण बघणार?"

"मी बघतो. उद्या काळा रंग फासून येतो."

"मेल्या, तू बोलूच नकोस."

तो हसला आणि हसता हसताच, जणू मीठ मागावे तसे, ताटावरून मान न उचलता बहिणीला म्हणाला, "ताई, आज थांबासाहेबांना सांगून टाकलं. जाकीट हँगरमध्ये विसरलो होतो म्हणून. बिल्ल्यासकट."

आवाज गोड होता.

तिचा घास हातातच राहिला होता. ती आईकडे बघत होती, पण आईला बघत नव्हती. काँक्रीटवर विमानाच्या डाव्या अंगाला एक भिंत उभी होती. तळावर तिला 'बाईंची भिंत' म्हणत, कारण ती दोन महिन्यांपूर्वी तिच्याच हिशेबाने बांधली होती. पलीकडे वर्कशॉप होते. भट्टी जमिनीवर चालवून बघताना तिथल्या कारागिरांना थोडी थोडी किरणे लागत, आणि मोठे मिस्त्री दर आठवड्याला भांडायला येत. तिने भिंतीची जाडी काढली, उंची काढली, वर्कशॉपचे दार पुढे होते म्हणून भिंत पार केबिनच्या बाजूपर्यंत लांबवली. भिंत झाली. मिस्त्रींच्या माणसांचे बिल्ले फिकट झाले. त्यांनी टाळ्या वाजवून तिच्या तळहाताला चुना फासून त्याचा ठसा भिंतीवर उठवला होता. आणि कुरकुर थांबली म्हणून जमिनीवरच्या चाचण्या जास्त जास्त वेळ चालू लागल्या.

तो सगळा हिशेब तिने भिंतीमागे उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने केला होता. भिंत सावलीच्या बाहेर होती. बाहेरच्या प्रत्येक वस्तूवर भट्टीचा मारा थेट पडत होता, आणि त्या भिंतीसमोर, केबिनच्या पातळ डाव्या बाजूला टेकून, तिचा भाऊ बसत होता. भिंत मारा अडवत होती. पण अडवलेले सगळेच काही गिळून टाकत नव्हती, उरलेले समोर केबिनकडे परत फेकत होती. विमान हवेत असताना हे कळणे शक्य नव्हते, हवेत भिंत नसते. केबिनमधला मीटर मागच्या भिंतीवर, यंत्रांच्या आड बसवलेला, कारण इथे सगळ्यांनीच धोका फक्त मागून येतो असे धरले होते.

आणि कॅप्टनची फिल्म फिकट का? कारण त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये एक माणूस बसलेला असे.

तिने ताट बाजूला सारले.

"बघ, हिलाही पटलं," आई म्हणाली आणि ताटे उचलून आत गेली.

तिने भावाला हळू आवाजात सगळे सांगितले. ऐकताना त्याचा गुडघा टेबलाखाली एकसारखा हलत होता.

"सिद्ध झालंय?" शेवटी त्याने विचारले.

"नाही. पण आकडे जुळतील."

"म्हणजे झालं नाहीये. मग ऐक. भिंत पाड. पाया खचला म्हण, रंग आवडला नाही म्हण, तुझं तळावर सगळे ऐकतात. भिंत गेली की कोणालाच धोका नाही. मी महिनाभर हत्यारं पुसतो, आणि पुढच्या मोठ्या उड्डाणाच्या आधी परत आत. कोणाचं काही बिघडत नाही."

तिने खरोखरच विचार केला. नकारार्थी मान हलवायला तिला फार वेळ लागला, कारण योजना चांगली होती. तिची चूकही त्यात झाकली जात होती.

"आणि तुझ्या अंगात जे गेलंय ते?"

"मला काही झालेलं नाही. धावतो, खातो, तुझं डोकं खातो."

"आजारी पडण्याइतकं नाहीच ते. पण माणसाला आयुष्यभरात जेवढी किरणं चालतात, त्या वाट्यातला मोठा घास गेलाय. कागदावर तुझा वाटा कोरा राहील आणि तू त्याच्यावर आणखी घेत राहशील. कोणी थांबवणार नाही, कारण कोणाला माहीतच नसेल."

"तुला माहीत असेल की."

"तेच म्हणतेय मी."

त्याचा गुडघा थांबला. "ताई, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही." मग त्यालाच ते पटले नाही. "बरं, मागितलं, पुष्कळ मागितलं. हे शेवटचं. ते माझं अंग आहे. आणि ती खुर्ची... तिथे मला कुठे जावंसं वाटत नाही. दुसरीकडे सगळीकडे वाटतं."

"उद्या सकाळी त्या खुर्चीत गवई बसणार आहे. भिंत अजून उभी आहे."

"एका दिवसाने काय होतं?"

"तूही एकेक दिवसच बसलास."

तो खुर्ची मागे सारून बाहेर निघून गेला. आईने आतून विचारले, "कोण गेलं?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "भिंगरीच असेल."

सकाळी ती तळावर पोचली तेव्हा चाचणीची तयारी झाली होती. वर्कशॉपच्या पायरीवर तिचा भाऊ पान्यांचा ढीग घेऊन बसला होता. शिक्षा सुरू झाली होती. त्याने तिला बघितले आणि एकच पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिला. ती त्याच्या समोरून गेली. तेवढी पावले टाकताना तिला वाटत होते, त्याने हाक मारावी, आणि त्याने हाक मारली तर आपण थांबू, याची भीतीही वाटत होती. त्याने हाक मारली नाही.

नियंत्रणाची शेड विमानापुढे, सावलीच्या मधोमध होती. आत थांबासाहेब माईकसमोर होते, मोठे साहेब घड्याळ बघत होते, आणि केबिनमधून भोंग्यावर गवईचे गुणगुणणे येत होते.

"हा मनुष्य कधी गप्प बसतो का?" मोठे साहेब म्हणाले.

"घाबरलाय," थांबासाहेब म्हणाले. "घाबरला की वरचा सूर लावतो."

"चाचणी सुरू करू नका," ती म्हणाली.

दोघांनी वळून बघितले. तिने वाटेत शब्द जुळवले होते, ते सगळे विसरली. "माझा भाऊ खोटं बोललाय. जाकीट कुठेही विसरलेलं नव्हतं. फिल्म खरी आहे. गवईला बाहेर काढा."

थांबासाहेबांनी तिच्याकडे एक क्षण बघितले आणि माईक ओढला. "थांबा," ते म्हणाले. या वेळी त्यापुढे वाक्य नव्हते. भोंग्यावरचा सूर तुटला.

मोठ्या साहेबांचा पारा चढला. "कवचावर सही तुमची आहे, बाई. आता ते चूक आहे म्हणता?"

"कवच बरोबर आहे. भिंत चूक आहे."

"कोणती भिंत?"

"माझी."

शेडमध्ये कोणी हसले नाही. तिने कारण सांगितले. सांगताना ती दोन्ही हात टेबलावर दाबून उभी होती. मोठे साहेब मध्येच म्हणाले की हे सगळे अंदाज आहेत, आणि अंदाजावर चाचणी थांबवायची तर आपण पतंगच उडवलेले बरे. थांबासाहेब म्हणाले, "अंदाज तपासायला माणूस कशाला बसवायचा? दोन खुर्च्यांत पाण्याचे कॅन ठेवू. माणूस म्हणजे तरी काय, बव्हंशी पाणीच."

तसे केले. मिस्त्रींनी दोन मोठे कॅन खुर्च्यांत बसवून पट्ट्यांनी बांधले. तिने दोघांच्या 'छातीवर' एकेक बिल्ला लावला. डाव्या कॅनला बिल्ला लावताना त्या खुर्चीच्या हातावर घासून गुळगुळीत झालेली एक जागा तिच्या बोटांना लागली. तिथे तो बोटांनी ताल धरत असणार. ती घाईघाईने खाली उतरली.

भट्टी चालली, थांबली, फिल्म धुवायला गेल्या. दुपारी थांबासाहेबांनी दिवा लावला. डावी काळी, उजवी फिकट. मध्ये बसलेल्या पाण्याने उजवीकडच्याला वाचवले होते.

"थांबा," थांबासाहेब म्हणाले, पण कोणाला उद्देशून ते कळले नाही, कारण कोणीच हलले नव्हते.

भावाला बातमी त्यांनीच सांगितली. ती दाराशी उभी होती. त्याने शांतपणे ऐकले, 'हो' म्हणाला, 'समजलं' म्हणाला, डॉक्टरकडे कधी जायचे ते विचारले, आणि तिच्याजवळून जाताना फक्त एवढे म्हणाला, "तुझं गणित जिंकलं."

"नाही रे. तेच तर चुकलं होतं."

पण तो तोवर कॉरिडॉरमधल्या रणगाड्याखालून पुढे गेला होता.

त्यानंतर घरात दोन माणसे एकाच छताखाली एकमेकांना चुकवत राहिली. तो आला की ती उठायची, ती आली की तो निघायचा. आई म्हणाली, "हे घर आहे का वेटिंग रूम? काय बिनसलंय ते मला सांगणार आहात, का मीच काही केलंय?" दोघांनी एकदम 'काही नाही' म्हटले, आणि तेवढ्यापुरते एकमेकांकडे बघितले.

तळावर भिंत पाडायला घेतली. मोठे मिस्त्री हातोडा खांद्यावर टाकून तिच्यापुढे उभे राहिले. "बाई, तुम्हीच बांधायला लावली, तुम्हीच पाडायला लावताय. उद्या आमच्या पोरांचं काय?"

"चाचणी असेल तेव्हा वर्कशॉप रिकामं ठेवायचं. मी लेखी देते."

"आणि काम कोण करणार? मोठे साहेब?" म्हणत ते हातोडा घेऊन भिंतीकडे वळले.

भावाला बसवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून त्याला तिच्याच विभागात पाठवले. डॉक्टरांनी रक्त तपासून सगळे ठीक सांगितले होते. उडायचे सोडून त्याला सगळे करता येणार होते. तो गणनयंत्र जोरात फिरवायचा, मध्येच उठायचा, खिडकीशी जायचा, पेन्सिलींना टोके काढायचा. ज्यांना टोक होते त्यांनाही काढायचा. तिच्याशी बोलायचा तो एवढेच: "हे झालं." "पुढचं?"

भिंतीचा शेवटचा तुकडा उचलला त्या दिवशी गवई आकडेखोलीत आला. आज तो गुणगुणत नव्हता. टोपी हातात घेऊन तिच्या टेबलासमोर उभा राहिला.

"ताई, भिंत गेली. उद्या मोठे साहेब मला आत बसवतायत. बसू का?"

"त्यांनी सांगितलंय ना?"

"त्यांनी सांगितलंय. मी तुम्हाला विचारतोय."

तिने तोंड उघडले. 'हो' हा केवढासा शब्द. यापूर्वी तिने तो कितीतरी कागदांवर सही करून दिला होता आणि मग शांतपणे घरी जाऊन जेवली होती. आता तिला तो देता येईना. मागची बाजू बघितली होती. डावी बघितली होती. पण डावीची आठवण तरी कुठे झाली होती आधी? जे बघायचे राहिले ते राहिले आहे हे कसे कळते?

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली.

"संध्याकाळपर्यंत इथेच बसतो बाहेर," गवई म्हणाला. "मला काही घाई नाही. आणि खरं सांगू? भीतीही आहे." तो बाहेर गेला. थोड्या वेळाने दाराबाहेर बारीक, वरचा सूर ऐकू येऊ लागला.

तिने कोरा कागद पुढे ओढला. त्यावर विमानाचा आराखडा काढला, भट्टी काढली, केबिन काढली. पेन्सिल केबिनभोवती घुटमळत राहिली. उठली, बसली. परत उठली.

"बस," मागून भाऊ म्हणाला.

ती चकित होऊन बसली. त्याने आपली खुर्ची ओढत आणली, उलटी फिरवली आणि खुर्चीच्याच पाठीवर हात टेकून तिच्यासमोर बसला. तिच्याकडे न बघता तो कागदाकडे बघत होता.

"हे चुकीचं आहे."

"काय चुकीचं आहे? प्रमाणात काढलंय."

"तू वरून काढलंयस. देवाच्या जागेवरून. तिथून सगळं दिसतं आणि काहीच दिसत नाही." त्याने पेन्सिल तिच्या हातातून घेतली. "त्या खुर्चीत मी बसलोय, तू नाही. मला विचार, तिथून काय काय दिसतं."

तिने त्याच्याकडे बघितले. मग म्हणाली, "तू अजून रागावला आहेस."

"हो. पुष्कळ दिवस राहणार आहे. विचार."

"बरं. उजवीकडे काय असतं?"

"कॅप्टनचं नाक." तो हसला नाही, पण गुडघा हलू लागला. "त्याच्या पलीकडे खिडकी. खिडकीत हँगरचं सरकतं दार. कधी उघडं, कधी बंद. लोखंडी आहे. हे लिही."

तिने दुसरी पेन्सिल घेतली आणि लिहिले.

"दाराच्या अलीकडे इंधनाची गाडी. चाचणीच्या वेळी ती हलवतात, असं म्हणतात. नेहमी हलवत नाहीत. चालकाला आळस. समोर तुमची शेड. डावीकडे आता काही नाही, वर्कशॉपची भिंत लांब आहे. पण तिथे मिस्त्री मोडलेल्या भिंतीचे ठोकळे रचून ठेवतायत. मी सकाळी बघितलं."

"कुठे रचतायत?"

"रेषेला लागून. बसायला बरे म्हणून."

तिने डोळे मिटले आणि उघडले. "ते आजच हलवायचे. पुढे सांग."

"उजवीकडे शेपटाच्या बाजूला आगीचा बंब उभा असतो. मोठा. भट्टी पेटलीच तर म्हणून. सावलीच्या अगदी बाहेर, त्याला भट्टी सरळ दिसते." तो थांबला. "आणि तो कॅप्टनला दिसतो."

"बंबात पाणी असतं का?"

"बंबात पाणीच असणार की."

"भरलेला उभा करतात, का रिकामा? भरलेली टाकी म्हणजे दुसरी भिंतच. आणि त्याची टाकी नेमकी किती पुढे येते?"

चार वर्षे तो त्या बंबाकडे बघत बसला होता.

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि तोपर्यंत तो उभाही राहिला होता. "चल."

दाराबाहेर गवईचा सूर थांबला. ती मोजपट्टी घेऊन भावाच्या मागे जवळजवळ धावतच निघाली.